संगणक मुद्दाम मंद केला, तरी बग सापडत नाही: काय तपासावे

एखादी स्वयंचलित टेस्ट डेव्हलपरच्या लॅपटॉपवर कितीही वेळा चालवली तरी पास होते आणि तीच टेस्ट बिल्ड सर्व्हरवर (कोड जुळवून टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सामाईक संगणकावर) अधूनमधून, कोणतेही कारण न दिसता, फेल होते. किंवा ग्राहकाच्या जुन्या संगणकावर एकच बिल दोनदा नोंदले जाते आणि आपल्याकडे मात्र ते कधीच घडत नाही. अशा वेळी आपला संगणक मुद्दाम मंद करून पाहावा असा विचार मनात येतो आणि तो योग्यच आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. प्रोसेसरला २० टक्क्यांची मर्यादा घातली जाते, स्क्रीन रेंगाळू लागते, टेस्टला कितीतरी पट वेळ लागतो आणि तरीही ती पासच होते. नाहीतर दुसरे टोक गाठले जाते: सगळ्याच टेस्ट टाइमआउट होऊन, म्हणजे ठरलेली मुदत संपून, पडतात आणि त्या पडझडीत मूळ बग कोणता हे ओळखता येत नाही. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिची कारणे आणि त्यावरचे उपाय येथे सविस्तर मांडत आहे.

आधी क्रमाचा विचार

"कधी येतो, कधी येत नाही" अशा बगांच्या मुळाशी बहुतेक वेळा दोन घटनांचा क्रम असतो. पहिली घटना दुसरीच्या आधी पूर्ण होईल असे कोडने गृहीत धरलेले असते, पण तशी सक्ती कोठेही केलेली नसते. वेगवान संगणकावर पहिली घटना नेहमीच आधी संपते, त्यामुळे हे गृहीतक उघडे पडत नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की संपूर्ण यंत्रणा सारख्याच प्रमाणात मंद केली तर दोन्ही घटना सारख्याच लांबतात आणि त्यांचा क्रम जसाच्या तसा राहतो. एकेरी रेल्वेमार्गावरच्या सगळ्याच गाड्या वीस मिनिटे उशिरा धावल्या तर क्रॉसिंग ठरल्या स्थानकातच होते. ते बदलते एकच गाडी उशिरा आली तर.

एक उदाहरण जवळून पाहू. एका संकेतस्थळावर गावाचे नाव शोधण्याची चौकट आहे. वापरकर्ता आधी "सा" टाइप करतो, क्षणभर थांबतो आणि मग "सातारा" पूर्ण करतो. ब्राउझरकडून सर्व्हरला दोन विनंत्या जातात. "सा" या विनंतीला सातारा, सांगली, सासवड, सावंतवाडी, साकोली अशी लांबलचक यादी शोधावी लागते, तर "सातारा" या विनंतीला मोजकीच नावे मिळतात. सर्व्हरवर ताण असेल तर पहिल्या विनंतीचे उत्तर दुसरीच्या उत्तरानंतर पोहोचते आणि आधी आलेली योग्य यादी पुसून टाकते. चौकटीत "सातारा" लिहिलेले आणि तिच्याखाली सावंतवाडी व सासवड, असे चित्र ग्राहकाला दिसते, आणि तो जे नाव निवडतो ते चुकीच्या गावाचे असू शकते. आता टेस्टरने ब्राउझरमध्ये सरसकट ५०० मिलिसेकंदांचा विलंब लावला तर दोन्ही उत्तरे अर्ध्या सेकंदाने पुढे सरकतात, क्रम तोच राहतो आणि बग दिसत नाही. तोच विलंब फक्त तीन अक्षरांपेक्षा लहान शोधशब्दांना, सर्व्हरच्या बाजूने, लावला तर बग दर वेळी दिसतो.

म्हणून कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी "कशाच्या तुलनेत काय मंद व्हायला हवे?" हा प्रश्न कागदावर लिहून त्याचे उत्तर एका वाक्यात द्यावे. सर्व्हरच्या तुलनेत ब्राउझर, डिस्कच्या तुलनेत प्रोसेसर, वाचणाऱ्या थ्रेडच्या (प्रोग्राममधील समांतर चालणाऱ्या धाग्याच्या) तुलनेत लिहिणारा थ्रेड, जे असेल ते. हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून लॉग (प्रोग्रामने करून ठेवलेल्या नोंदी) वाचण्याचे काम शिल्लक आहे असे समजावे. त्या अवस्थेत केलेला मंदपणा हा अंधारात मारलेला तीर ठरतो.

मुद्दाम विलंब घालून बग शोधण्याचे एक गंभीर उदाहरण १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात झालेल्या वीजखंडाचे आहे. सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा तेव्हा बंद पडला. ओहायोतील फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात जीई कंपनीची एक्सए-२१ ही प्रणाली होती. तिचा धोक्याच्या सूचना देणारा भाग दुपारीच गप्प झाला होता आणि तो गप्प झाल्याचे कर्मचाऱ्यांना समजलेच नाही. पुढे तपासात असे आढळले की दोन प्रक्रियांना एकाच सामाईक माहितीवर एकाच वेळी लिहिण्याची वाट मोकळी राहिली होती. माहिती बिघडली आणि सूचना देणारी प्रक्रिया अनंत फेऱ्यांत अडकली. लाखो ओळींच्या कोडमधली ही फट मिलिसेकंदांची होती. ती शोधण्यासाठी अभियंत्यांनी कोडमध्ये मुद्दाम विलंब घातले, यंत्रणा मंद केली आणि तिच्यावर सूचनांचा मारा केला, तेव्हा घटनेनंतर सुमारे आठ आठवड्यांनी दोष उघड झाला. विलंब कोडच्या आत घातला गेला, ही यातली शिकण्यासारखी बाब आहे.

प्रोसेसरची मर्यादा नेमके काय करते

लिनक्सवर प्रोसेसरचा वाटा कमी करण्यासाठी बहुधा सीग्रुप, म्हणजे प्रोग्रामांचे गट करून त्यांना मर्यादा लावण्याची सोय, वापरली जाते. आवृत्ती २ मध्ये सीपीयू.मॅक्स या फाइलीत दोन आकडे लिहायचे असतात: कोटा आणि कालावधी, दोन्ही मायक्रोसेकंदांत. "२०००० १०००००" असे लिहिले की दर १०० मिलिसेकंदांतील २० मिलिसेकंद इतकाच प्रोसेसर त्या गटाला मिळतो. सिस्टमडी (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणारी प्रणाली) यातील सीपीयूकोटा आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे साधन) यातील सीपीयूज हे पर्याय अखेर हीच मर्यादा लावतात.

घोटाळा असा की या २० टक्क्यांचा अर्थ "प्रोसेसरला दिलेली प्रत्येक सूचना पाचपट सावकाश" असा होत नाही. प्रोग्राम पहिले २० मिलिसेकंद पूर्ण वेगाने धावतो आणि उरलेले ८० मिलिसेकंद पूर्णपणे थांबतो. ज्या बगाची फट एकदोन मिलिसेकंदांची आहे, ती त्या वेगवान २० मिलिसेकंदांत बिनबोभाट पार होऊन जाते, आणि थांबा नेमका त्या फटीत येण्याची शक्यता कमीच असते. त्यातही प्रोग्रामला अनेक थ्रेड असतील तर कोटा सर्वांत मिळून वाटला जातो. चार थ्रेड प्रोसेसरच्या चार कोअरवर (स्वतंत्र गणक भागांवर) एकाच वेळी धावले तर तो पहिल्या ५ मिलिसेकंदांतच संपतो आणि मग सगळे एकदम ठप्प होतात. एकाच गटातल्या थ्रेडांचा आपापसातला क्रम यामुळे फारसा ढवळला जात नाही. कालावधी लहान करून, म्हणजे कोटा २००० आणि कालावधी १०००० ठेवून, थांबे अधिक वारंवार आणता येतात. थांबा फटीत सापडण्याची शक्यता त्यामुळे वाढते. सीपीयूलिमिट हे जुने साधन प्रोग्रामला थांबवण्याचे आणि पुन्हा चालू करण्याचे सिग्नल आळीपाळीने पाठवते; त्याचाही परिणाम धक्क्याधक्क्यानेच होतो.

प्रत्येक सूचना खरोखर सावकाश व्हायला हवी असेल तर प्रोसेसरची वारंवारता (घड्याळाचा वेग) उतरवावी. लिनक्समध्ये सीपीयूपॉवर या साधनाने कमाल वारंवारता ठरवता येते आणि विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधील प्रोसेसरची कमाल स्थिती टक्क्यांत कमी करता येते. ही मर्यादा मात्र संपूर्ण संगणकाला लागते. एकाच प्रोग्रामपुरता मंदपणा तिने साधत नाही, आणि आभासी यंत्राच्या आत ती बहुधा लागूच होत नाही.

सर्वांत जास्त फसवणारा उपाय म्हणजे प्रोग्रामला एकाच कोअरवर बांधणे. लिनक्सच्या टास्कसेट या आज्ञेने हे एका ओळीत करता येते आणि त्याने काही बग ताबडतोब वर येतात, कारण एका थ्रेडचा वाटा संपल्याशिवाय दुसऱ्याला संधी मिळत नाही आणि नेहमीचा क्रम मोडतो. पण दोन थ्रेड अक्षरशः एकाच क्षणी एकाच जागी लिहितात म्हणून घडणारा बग एका कोअरवर जवळजवळ नाहीसा होतो. बिल्ड सर्व्हरला दोन कोअर असतील तर आपल्याकडेही दोनच ठेवून पाहावे, एक नव्हे.

मर्यादा लागली आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. त्याच सीग्रुपमधील सीपीयू.स्टॅट या फाइलीत किती कालावधी झाले, त्यांपैकी कितींत गट रोखला गेला आणि एकूण किती मायक्रोसेकंद रोखला गेला याची नोंद असते. टेस्टच्या आधी आणि नंतर ही फाइल वाचावी. रोखल्याची संख्या वाढली नसेल तर प्रोग्राम दुसऱ्याच गटात चालला आहे, किंवा तो मुळात प्रोसेसरची वाट पाहतच नाही. तो डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहतो आहे आणि प्रोसेसर कितीही आवळला तरी त्याला फरक पडणार नाही.

क्रोम ब्राउझरच्या परफॉर्मन्स पॅनलमध्ये प्रोसेसर ४ पट किंवा ६ पट मंद करण्याची सोय आहे. हे प्रमाण आपल्या संगणकाच्या तुलनेत असते, त्यामुळे भारी लॅपटॉपवरचे ४ पट म्हणजे स्वस्त मोबाइल नव्हे, आणि दोन सहकाऱ्यांच्या ४ पटींची तुलनाही करता येत नाही. तरी सर्व्हरच्या तुलनेत केवळ पान मंद करायचे असेल तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते, कारण तिने सर्व्हरला धक्काही लागत नाही.

नेटवर्क आणि डिस्क

लिनक्सच्या टीसी या साधनातील नेटएम वापरून एखाद्या जोडणीवर १०० मिलिसेकंद विलंब, त्यात २० मिलिसेकंदांचा चढउतार आणि १ टक्का पॅकेटगळती (माहितीच्या तुकड्यांची गळती) लावता येते. मॅकवर नेटवर्क लिंक कंडिशनर हेच काम करतो. नेटएमच्या बाबतीत दोन गोष्टी वारंवार गोंधळ उडवतात. तो नेहमीच्या मांडणीत फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटना विलंब लावतो. येणारी पॅकेट मंद करायची असतील तर ती आधी आयएफबी या आभासी जोडणीकडे वळवावी लागतात. आणि क्लायंट व सर्व्हर एकाच संगणकावर असतील तर लूपबॅकवर (संगणकाच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) विनंतीही बाहेर जाते आणि उत्तरही बाहेरच जाते, म्हणून १०० मिलिसेकंदांचा विलंब पिंगमध्ये (जाऊन येण्याचा वेळ मोजणाऱ्या आज्ञेत) २०० दिसतो. दूरच्या सर्व्हरवर हा प्रयोग करताना आपण ज्या जोडणीवरून आत शिरलो आहोत तीच आवळली जाणार नाही याची आधी खात्री करावी.

चढउतार मोठा ठेवला की नेटएम पॅकेटचा क्रमही उलटापालटा करतो, आणि त्यामुळे आपला क्रमाचा बग दिसेल अशी अपेक्षा केली जाते. टीसीपी हा नेटवर्कचा नियमसंच मात्र पॅकेट पुन्हा क्रमाने लावूनच प्रोग्रामच्या हाती देतो. प्रोग्रामच्या नजरेने ती जोडणी केवळ मंद असते. वर दिलेल्या गावांच्या यादीसारखा बग हवा असेल तर विलंब पॅकेटला न लावता विनंतीला लावावा लागतो, म्हणजे मधल्या प्रॉक्सीमध्ये (विनंत्या पुढे पोहोचवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्राममध्ये) किंवा सर्व्हरच्या कोडमध्ये.

डिस्क मंद करण्यासाठी सीग्रुपमधील आयओ.मॅक्स किंवा डिव्हाइस मॅपरचे डिले हे लक्ष्य वापरता येते. दुसऱ्यात वाचन आणि लेखन यांना वेगवेगळा विलंब देता येतो. विलंब लावूनही फाइल पूर्वीइतक्याच वेगाने उघडत असेल तर ती डिस्कवरून वाचलीच जात नाही, मेमरीतील पेज कॅशमधून (आधी वाचलेल्या फाइलींच्या साठ्यातून) येते आहे. आधी सिंक ही आज्ञा चालवून मग ड्रॉप_कॅशेस या फाइलीत ३ लिहिले की कॅश रिकामी होते आणि खरी डिस्क समोर येते.

खोटे बग ओळखणे

संगणक मंद केला की मूळ बगाशी संबंध नसलेल्या गोष्टीही मोडतात. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीत) कंटेनर जिवंत आहे का हे पाहणाऱ्या तपासणीला काहीही वेगळे न सांगितल्यास उत्तरासाठी १ सेकंद मिळतो, ती दर १० सेकंदांनी होते आणि सलग ३ वेळा उत्तर न आल्यास कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. प्रोसेसर आवळल्यावर प्रोग्राम मध्येच "मरतो" असे दिसले तर आधी पुन्हा सुरू झाल्याची संख्या पाहावी. बऱ्याचदा प्रोग्राम शाबूत असतो आणि ही तपासणीच त्याला मारत असते. प्रयोगापुरती ती मुदत वाढवावी, मात्र आपल्या कोडमधील टाइमआउट तसेच ठेवावेत, कारण त्यांच्यापैकीच एखादा खरा आरोपी असू शकतो. लॉगमध्ये कोणता टाइमआउट प्रथम उडाला हे वेळेच्या नोंदीवरून शोधावे. त्यानंतरच्या सगळ्या चुका बहुधा त्याच्या परिणामातून आलेल्या असतात.

डीबगरच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. जीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून तपासण्याच्या साधनात) एका थ्रेडला ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लागला की नेहमीच्या मांडणीत सगळेच थ्रेड थांबतात. म्हणजे एक थ्रेड उशिरा आणण्याचा आपला हेतू सफल होत नाही. त्यासाठी प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी नॉन-स्टॉप पद्धत चालू करावी. मग एक थ्रेड थांबवून ठेवता येतो आणि बाकीचे पुढे जातात. शंका असलेल्या दोन ओळींच्या मध्ये एका थ्रेडला असे रोखून धरणे हा संशय पडताळण्याचा माझ्या मते सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. याउलट, जागोजागी लॉग छापण्याच्या ओळी घातल्या की बग नाहीसा होतो असा अनुभव पुष्कळांना येतो. लॉग लिहिताना थ्रेड एका सामाईक कुलपापाशी (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या लॉकपाशी) रांगेत उभे राहतात आणि त्या रांगेमुळे क्रम आपोआप सुधारतो. बग गेला असे तेथे समजू नये.

काही साधने स्वतःच प्रोग्रामला मंद करतात. थ्रेडसॅनिटायझरने प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट सावकाश चालतो आणि मेमरीही ५ ते १० पट लागते, पण दोन थ्रेडांनी कुलूप न लावता एकाच जागेला हात लावला तर, त्या फेरीत प्रत्यक्ष बिघाड झाला नसला तरी, तो दोन्ही ओळींचा पत्ता देतो. सी, सी++ किंवा गो भाषेतील कोड असेल तर विलंबाचे प्रयोग करण्यापूर्वी हेच करून पाहावे. व्हॅलग्राइंड मात्र एका वेळी एकच थ्रेड चालवतो, म्हणून त्याच्याखाली वेळेवर अवलंबून असलेला बग दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मोझिलात तयार झालेले आरआर हे साधन प्रोग्रामची संपूर्ण धाव नोंदवून ठेवते. त्याच्या केऑस पद्धतीत थ्रेडांना मुद्दाम वेड्यावाकड्या क्रमाने संधी दिली जाते, आणि बग एकदा सापडला की तीच धाव हवी तितक्या वेळा, मागे-पुढे करत, पाहता येते. ज्या बगाला आठवडे लागले असते तो अशा नोंदीमुळे एका बैठकीत समजू शकतो.

जुने प्रोग्राम

येथे प्रश्न थोडा वेगळा असतो: प्रोग्राम वेगवान संगणकावर मोडतो. बोर्लंडच्या टर्बो पास्कल ७ मध्ये सीआरटी युनिट (तयार कोडचा संच) वापरणारा प्रोग्राम सुमारे २०० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या संगणकांवर सुरू होताच "रनटाइम एरर २००" देऊन बंद पडतो. ते युनिट सुरुवातीला ५५ मिलिसेकंदांत रिकाम्या फेऱ्या किती होतात हे मोजते आणि त्या संख्येला ५५ ने भागते. प्रोसेसर वेगवान झाला तसा हा भागाकार १६ बिटांत मावेनासा झाला. असे प्रोग्राम तपासायचे असतील तर डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सायकल्सची संख्या कमी करावी. कंट्रोलबरोबर एफ११ दाबले की ती उतरते आणि एफ१२ दाबले की चढते. प्रोग्रामच्या आतले घड्याळही सूचनांच्या गतीशी बांधलेले हवे असेल तर क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या साधनाचा आयकाउंट हा पर्याय वापरावा. त्यात शिफ्ट ७ दिले की प्रत्येक सूचनेला आभासी घड्याळाचे १२८ नॅनोसेकंद लागतात आणि दोन फेऱ्यांची तुलना भरवशाने करता येते.

दुरुस्ती आणि तिची पडताळणी

बग हाती लागल्यावर कोडमध्ये एक-दोन सेकंदांचा थांबा टाकून टेस्ट पास करून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या थांब्याने फट बुजत नाही, ती फक्त पुढच्या, अधिक मंद संगणकापर्यंत ढकलली जाते, आणि तोवर प्रत्येक वापरकर्ता ते सेकंद मोजत बसतो. टेस्टमध्ये ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अपेक्षित स्थिती येईपर्यंत थांबावे, वर एक कमाल मुदत ठेवावी. मूळ कोडमध्ये क्रमाची सक्ती करावी: गावांच्या यादीत प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्यावा आणि शेवटच्या विनंतीचा नसलेला प्रतिसाद टाकून द्यावा, किंवा नवी विनंती पाठवताना जुनी रद्द करावी. दोनदा नोंदल्या जाणाऱ्या बिलासाठी क्लायंटने प्रत्येक बिलाला एकच ओळखक्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्या स्तंभावर युनिक (पुनरावृत्ती न चालणारे) बंधन घालावे, म्हणजे दुसरा प्रयत्न कितीही उशिरा पोहोचला तरी नाकारला जाईल.

ज्या विलंबाने बग दर वेळी दिसत होता, तोच विलंब त्याच जागी ठेवून दुरुस्त कोड तपासावा. मर्यादा काढून टाकल्यावर पास झालेली टेस्ट पुरावा म्हणून धरता येत नाही. हा विलंब एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगने) चालू-बंद होईल अशा रीतीने कोडमध्ये राहू द्यावा आणि रात्रीच्या टेस्टमध्ये तो चालू ठेवावा, म्हणजे पुढे कोणी तो भाग बदलला तर जुना बग त्याच रात्री कळेल. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर तो कधीही चालू होणार नाही अशी अट मात्र त्याच बदलात लिहून टाकावी.

शेवटी संगणक पूर्ववत करावा. टीसीचा नियम काढून पिंग पाहावे, सीपीयू.मॅक्समधील कोट्याच्या जागी मॅक्स हा शब्द पुन्हा लिहावा, वारंवारतेची कमाल मर्यादा मूळ आकड्यावर आणावी. नेटएमचा नियम संगणक बंद करून चालू केल्यावर आपोआप जातो, पण सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलीत लिहिलेला कोटा जात नाही, आणि तो विसरला गेला तर काही दिवसांनी कोणीतरी "हा संगणक अलीकडे इतका मंद का झाला?" याचा शोध घेत बसतो.